जुळलं की जुळवलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी ‘हो, येतं की बरोबर’ म्हणून विषय बदलायला मी आता शिकले आहे.

प्रश्न एकच, विचारणारे बदलतात. विमानाच्या इंजिनात किती काजळी धरते ते तू कॉम्प्युटरवर काढतेस, ते उत्तर खरं येतं का? एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले माझे काका त्याला शेपूट जोडतात, ‘आणि पीयूसीवाल्यासारखी नळी घालून सरळ मोजत का नाही गं?’

काका, मोजतात. नव्या इंजिनाला परवानगी मिळण्याआधी ते जमिनीवर चार ठरावीक जोरांना चालवतात, 7, 30, 85 आणि 100 टक्के, आणि मागून नळीच घालतात. पूर्वी फिल्टरचा कागद किती काळा पडला ते बघायचे. 1 जानेवारी 2023 पासून नव्या जातीच्या इंजिनांना कणांचं वजन आणि कणांची संख्या अशा दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. पण नळी फक्त शेवटी उरलं किती तेवढं सांगते. आत कुठे धरलं, कुठे जळलं, ते नाही. आत दाब वातावरणाच्या तीस-चाळीस पट, ज्योत दोन हजार अंशांच्या वर. तिथे खिडकी बसवून डोकावता येत नाही. शिवाय नळी घालायची तर आधी इंजिन बनवायला हवं, आणि मला विचारतात ते बनवायच्या आधी.

‘आता विमानातून धूर कुठे दिसतो?’ याचं उत्तर थोडक्यात. कण इतके बारीक असतात की दिसत नाहीत. पण आकाशात विमानामागे जी पांढरी रेघ उमटते, तिच्यातला बर्फ बहुतेक करून याच कणांवर धरतो. 2018 साली जर्मन आणि अमेरिकन संशोधकांनी विमानामागे विमान उडवून बघितलं. इंधनातली ॲरोमॅटिक, म्हणजे कार्बनची वलयं असलेली, संयुगं कमी केली तेव्हा काजळी आणि बर्फाचे कण निम्म्याहून जास्त घटले. म्हणजे न दिसणाऱ्या धुराचीही काळजी करायला जागा आहे. असो.

आता मूळ प्रश्न. विमानाचं इंधन म्हणजे चांगल्या प्रतीचं रॉकेलच. कंदिलाची वात मोठी केली की काच काजळते, हे आपल्याला माहीत आहे. प्रयोगशाळेतही त्याची परीक्षा तशीच होते. दिव्याची वात हळूहळू वर करायची आणि किती मिलिमीटरला ज्योत धूर सोडते ते वाचायचं. वात मोठी म्हणजे इंधन जास्त, हवा अपुरी. तिथे ॲसिटिलीन वायू होतो, त्यातून कार्बनची वलयं जुळतात, वलयाला वलय चिकटतं, त्यांचा कण होतो आणि तो पुन्हा ॲसिटिलीन खाऊन वाढतो. पुढे हवा मिळाली की तोच कण जळायला लागतो. इंजिनात धरलेली बहुतेक काजळी इंजिनातच जळते. बाहेर येते ती वजाबाकी. समजा शंभर धरली आणि पंच्याण्णव जळली, तर पाच उरली. माझ्या हिशोबात पंच्याण्णवच्या जागी नव्वद आले, तर उत्तर थेट दुप्पट. नव्वद आणि पंच्याण्णवमधल्या चुकीला कुणी फारशी चूक म्हणणार नाही. उरलेल्या पाचाचे दहा झाले की मात्र सगळे माझ्याकडे बघतात.

हे मी इतक्या शहाणपणाने सांगते आहे, पण पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला हे नुसतं पाठ होतं.

मी जर्मनीत होते. स्टुटगार्टला डीएलआर, म्हणजे जर्मनीची विमान-अवकाश संशोधन संस्था, तिचा एक छोटा बर्नर आहे. 68 मिलिमीटरची चौकोनी पेटी, 120 मिलिमीटर उंच, चारही बाजूंनी काच, आत भोवऱ्यासारखी फिरती हवा आणि इंधन म्हणून इथिलीन वायू. दाब 3 बार, म्हणजे वातावरणाच्या साधारण तिप्पट. लेझर टाकून त्यांनी काजळी कुठे किती ते मोजलेलं आहे, आणि जगभरचे माझ्यासारखे लोक आपापलं गणित त्या आकड्यांवर घासून बघतात. माझ्या गणिताला ज्योतीचा एक मिलिसेकंद काढायला क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, जवळपास पाच तास लागत. अठरा मिलिसेकंद झाले, सरासरी काढली, प्रयोगाच्या चित्राशेजारी ठेवली. जुळलं. नुसतं जवळ नाही, आकार, जागा, कमाल आकडा, सगळं. गाइडने एकदा विचारलं, पुरेसं लांब चालवलंस ना? मी म्हटलं, हो, वेग आणि तापमान स्थिर झालंय. ते खरंच झालं होतं. पोस्टर छापायला टाकलं. आईला फोन केला. आईने काकांना सांगितलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं हे मूळ माझंच आहे.

नाताळच्या सुट्टीत क्लस्टरवरचे तास उरले होते, वाया कशाला घालवायचे म्हणून गणित चालू ठेवून घरी आले. जानेवारीत परतले तर साठ मिलिसेकंद झाले होते आणि सरासरी एक तृतीयांशावर आली होती.

पहिल्या दिवशी मला वाटलं फाइल खराब झाली. दुसऱ्या दिवशी पेटीतल्या एकूण काजळीचा काळानुसार आलेख काढला. जवळजवळ सपाट रेघ, आणि सातव्या ते दहाव्या मिलिसेकंदात एकच डोंगर. काजळी त्या ज्योतीत सतत नसते. मध्येच इंधनाचा एखादा पुंजका भोवऱ्यात अडकतो, त्यातून काळी नस उमटते आणि जाते. लेझरच्या एकेका फोटोत हे स्पष्ट दिसतं, मी ते फोटो शंभरदा पाहिले होते. माझ्या अठरा मिलिसेकंदात नेमकी एक मोठी उसळी सापडली होती. तिच्या जिवावर मी जुळले होते.

आता पुढचं, जे काकांना कधी सांगितलं नाही. कणाच्या पृष्ठभागाची किती जागा वाढीला खुली आहे यासाठी आमच्याकडे एक आकडा असतो, अल्फा. तो कुठल्याच तराजूवर थेट मोजता येत नाही. मी तो वाढवला. तीन आठवड्यांत साठ मिलिसेकंदांची सरासरी पुन्हा प्रयोगाला जाऊन मिळाली. लपवलं नाही, प्रबंधात तक्ता आहे, आकडा आहे, ‘स्वीकृत मर्यादेत’ असंही लिहिलं आहे. सगळेच करतात. हे वाक्य मी तेव्हाही स्वतःशी म्हटलं होतं आणि आता लिहितानाही ते आपसूक आलं.

मग तोच अल्फा ठेवून 5 बारची ज्योत काढली. प्रयोगाच्या दुप्पट आलं. तेही प्रबंधात आहे, पान उलटल्यावर.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, अल्फाला हात न लावता एक तृतीयांशच का नाही छापलंस? ती म्हणेल, छापलं असतं तर तुला आजची नोकरी मिळाली असती का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मीही तिला सांगू शकते की त्या तक्त्यावर कुणीही मला अडवलं नाही, म्हणून तो बरोबर ठरत नाही. ती म्हणेल, चूकही ठरत नाही. इथे आमचं भांडण थांबतं, मिटत नाही.

आज मी पुण्यात हेच काम करते. दोन डिझाइनं समोर येतात, हवेची भोकं इथे की चार मिलिमीटर खाली, आणि विचारतात कुठलं कमी काजळेल. ते मी सांगते, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. किती कमी, असं विचारलं की मी आकडा देते, आणि देताना आवाज जरा खाली येतो.

काकांनी मागच्या गणपतीत पुन्हा विचारलं, ‘जर्मनीत ते तुझं जुळलं होतं ना?’ काका गेली तीस वर्षं गावातल्या मुलामुलींची लग्नं ठरवतात. या वेळी मी पोस्टरचं, डोंगराचं, अल्फाचं सगळं सांगितलं. मोदक हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं.

‘म्हणजे जुळलं नव्हतं,’ ते म्हणाले, ‘जुळवलंस.’

‘हो.’

‘मग संसार कसा चाललाय?’

मी म्हटलं, 3 बारला उत्तम.