एकच एन्ट्री

टूर मॅनेजरला क्रूझवर चढायच्या दिवशी फारसं डोकं लागत नाही, असा आमच्या धंद्यात समज आहे. बॅगांना केबिन नंबरचे टॅग लावा, कुणी इलेक्ट्रिक केटल किंवा इस्त्री आणलीय का ते विचारा (आगीच्या भीतीने जहाजावर काढून घेतात), आणि चेक-इनपर्यंत मंडळींना रमवा.

जपानच्या योकोहामात मी त्यांना यामाशिता पार्कात नेतो. 1923 च्या भूकंपाचा राडारोडा समुद्रात टाकून ही जमीन तयार झाली आणि 1930 मध्ये पार्क खुला झाला. तिथे घुमटाची एक पाणपोई आहे. भूकंपानंतर शहराने इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना आधार दिला, त्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी 1939 मध्ये ती योकोहामाला भेट दिली. घुमटाच्या आतलं मोझेइक मी प्रत्येकाला मान वर करून बघायला लावतो.

या वेळी तिथेच धाकट्या काकू आम्हाला येऊन मिळाल्या. त्या योकोहामात मुलाकडे आल्या होत्या. त्यांची थोरली बहीण आमच्या ग्रुपमध्ये. लग्नं झाल्यापासून दोघी पहिल्यांदाच बरोबर फिरणार होत्या. धाकट्या काकूंची कागदपत्रं त्यांच्या गावच्या एजंटाने केलेली. मी दोनदा मागूनही त्याने पासपोर्टच्या पहिल्या पानाचाच फोटो पाठवला होता, वर 'व्हिसा आहे, काळजी नको'.

बाकावर बसून मी त्यांचा पासपोर्ट उघडला. व्हिसाच्या स्टिकरवर 'सिंगल', म्हणजे जपानात एकदाच शिरता येईल असा, आणि त्यावर 'वापरला' असा शिक्का. थोरल्या काकूंचा डबल एन्ट्रीचा होता.

आमचं जहाज योकोहामाहून निघून दक्षिण कोरियातल्या बुसानला जाऊन परत योकोहामाला येणारं. बुसान कशाला, असं सगळे विचारतात. जपानच्या 1899 च्या जहाज कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या जपानी बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत, मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. ते घेतलं की माणूस जपानबाहेर गेला आणि परतताना त्याला दुसरी एन्ट्री लागते. क्रूझचा व्हिसा करताना देश मोजायचे नसतात, शिरायचं किती वेळा ते मोजायचं असतं. हे न कळणाऱ्याने क्रूझ विकूच नये.

मुलाने इमिग्रेशनला फोन केला. जपानात बसून जपानचा नवा व्हिसा मिळत नाही, हेच उत्तर. ओसानबाशी धक्क्यावर काउंटरवरची मुलगी पासपोर्ट घेऊन दोनदा साहेबाकडे गेली आणि दोन्ही वेळा वाकून नमस्कार करत नाही म्हणाली. तिचं चुकलं नाही. परतताना जपानने त्यांना अडवलं असतं, तर ते निस्तरणं जहाजाच्या गळ्यात आलं असतं.

"ताई, तू जा. पैसे भरलेत. मी इथे पोराकडेच आहे," धाकट्या म्हणाल्या.

थोरल्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नियम सांगितले: थांबलात तर तिकिटाचे पैसे बुडतील, पण तुमचा व्हिसा चालू आहे, परतीच्या विमानापर्यंत भाच्याकडे राहता येईल. बाकीच्यांना मी पुढे जायला सांगितलं, तरी दोघे-तिघे घुटमळत "काकू, चला, जहाज थांबायचं नाही," म्हणत राहिले. चेक-इन बंद व्हायला अर्धा तासही नव्हता. जहाज कधी थांबतं, हे त्यांच्यापेक्षा मला ठाऊक होतं. सुट्टीवर निघालेल्या माणसाला दुसऱ्याची अडचण पाच मिनिटंही सोसत नाही.

काकू चढल्या. बुसानला उतरल्या नाहीत. एजंटाला मी जहाजावरूनच फोन लावला, तर तो म्हणाला, "व्हिसा जपानचाच होता ना?"

कुणाच्या पैशाचा निर्णय आम्ही करायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम आणि तो मला पटतो. पण काउंटरपाशी 'चला' म्हणणारे तिघे होते आणि 'थांबा' म्हणणारं कुणीच नव्हतं. धाकट्या बहिणीने तर स्वतःच त्यांना पुढे लोटलं. काकूंना मनातून काय हवं होतं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यात कामाने सांगलीला जाणार आहे, तेव्हा विचारीन.