घाटात वाजणारी डबी

यवतेश्वरचा घाट चढताना मोबाईलने तिसऱ्यांदा स्वतःहून कुणाला तरी फोन लावला, तेव्हा मी म्हटलं, बास. जुलै महिना, साताऱ्याची भुरभुर, मोबाईल दंडाला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. पाण्याचा थेंब काचेवर पडला की टचस्क्रीनला तो बोटासारखाच वाटतो. टचस्क्रीन चालतो कपॅसिटरच्याच तत्त्वावर, आणि अकरावीला कपॅसिटर शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं, पण नाही कळलं. त्या दिवशी फोन लागला तो आमच्या उपप्राचार्यांना. सकाळी सहाला. पलीकडून "हॅलो, हॅलो" आणि इकडून नुसती माझी धाप.

तर, पळताना गाणी ऐकायला वेगळं काहीतरी, म्हणजे छोटा एमपी३ प्लेअर, घ्यायचं ठरलं. मी पळते म्हणजे फार काही नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा नाक्यावर उभी राहून टाळ्या वाजवायचे. चाळिशी ओलांडल्यावर स्वतः उतरले. २१ किलोमीटर, घाट चढून जायचं आणि उतरून यायचं. अडीच-पावणेतीन तास लागतात. स्पर्धेच्या दिवशी गाण्यांची गरज नसते, रस्त्यावर माणसंच इतकी असतात. पण सरावाच्या अंधाऱ्या सकाळी घाटात एकटीला काहीतरी सोबत लागते.

भाचा म्हणाला, "आत्या, घड्याळ घे ना स्मार्ट, त्यात गाणी येतात." येत असतील. पण त्या घड्याळाला मोबाईलमधलं अ‍ॅप लागतं, अ‍ॅपला खातं लागतं, आणि माझी गाणी आहेत लॅपटॉपवर. लॅपटॉपही जुना, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली. हेही भाच्याचंच काम. जुन्या विंडोजखाली तो लॅपटॉप कण्हत होता. आता मला त्याचीच सवय झाली आहे आणि परत जायची इच्छा नाही.

पहिला प्लेअर पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून आणला, कंपनी सांगत नाही. घरी येऊन वायर जोडली. प्लेअर चार्ज होतोय, दिवा लागतोय, लॅपटॉपवर मात्र काही नाही. रात्री अकरापर्यंत मी लिनक्सला शिव्या घातल्या. भाच्याला फोन केला, त्याने टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक-दोन आज्ञा चालवायला लावल्या, तरी काही दिसेना. मग तो म्हणाला, "आत्या, वायर बदल." मोबाईलची वायर लावली आणि एका सेकंदात प्लेअर समोर! डब्यातली वायर नुसती चार्जिंगची होती. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. या वायरीत माहितीच्या दोन घातल्याच नव्हत्या. दोन रुपये वाचवले असतील कुणीतरी. मी ती वायर कापून वर्गात दाखवली, तेवढाच उपयोग.

पण दिसला म्हणजे संपलं नाही. मी गाण्यांना नीट क्रमांक दिले होते. ०१ म्हणजे राजवाड्यापासून हळू पळायचं, तिथे संथ काहीतरी. ०६ म्हणजे चढाचा अवघड भाग, तिथे हलगी. ही हलगी माझ्या फोनवर रेकॉर्ड केलेली आहे, बावधनच्या बगाड यात्रेतली. रंगपंचमीला गर्दीत उभं राहून घेतलेली, मध्ये लोकांचं "चांगभलं" आहे, एक पोरगं रडतंय. मला त्याहून चांगलं पळायला लावणारं संगीत माहीत नाही. पहिल्याच दिवशी तीव्र वळणावर कानात काय यावं? भाचीसाठी कधीतरी गाऊन ठेवलेली माझ्या आईची अंगाई. पाय जागच्या जागी मऊ पडले.

हे का होतं ते नंतर समजलं, आणि समजल्यावर मजा वाटली. असले प्लेअर आतून एफएटी३२ या, डिस्कवर फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीने मांडलेले असतात. त्यात फोल्डरची यादी अक्षरवार नसते, ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्या क्रमाने असते. लॅपटॉप आपल्याला ती यादी लावून दाखवतो, म्हणून आपण फसतो. स्वस्तातला प्लेअर मात्र रजिस्टरमध्ये जसं लिहिलंय तसंच वाचतो. उशिरा आलेल्या मुलांची नावं शेवटी, आडनाव काहीही असो. लिनक्सवर यासाठी 'फॅटसॉर्ट' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. प्लेअर अनमाउंट करायचा (वायर तशीच ठेवून लॅपटॉपला त्याची डिस्क सोडायला लावायची), मग फॅटसॉर्ट चालवायचा, तो यादी नावाप्रमाणे पुन्हा लिहितो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याआधी आपण नेमक्या कुठल्या डिस्कवर हात टाकतोय हे 'एलएसबीएलके' ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा चालवून बघायचं. प्लेअर त्या यादीत बहुतेक वेळा 'एसडीबी' या नावाने दिसतो, पण "बहुतेक"वर विसंबून घरातले फोटो पणाला लावू नयेत.

दुसरी चूक माझीच. गाणी कॉपी करताना हिरवी पट्टी झर्रकन शंभर टक्के झाली, मी प्लेअर उपसला. शेवटची हलगी अर्ध्यात बंद. लिनक्स आधी सगळं मेमरीत घेऊन ठेवतो आणि प्लेअरवर मागाहून सावकाश लिहितो. पट्टी पूर्ण झाली म्हणजे माल पोहोचला असं नाही, नुसता ट्रकमध्ये चढला. फाइलींच्या खिडकीत डिस्कच्या नावाशेजारी बाहेर काढायचा छोटा बाण असतो, तो दाबून थांबायचं. आता थांबते. तेवढ्यात चहाचं आधण ठेवून होतं.

आणि तो प्लेअर मेला. तीन आठवड्यांत, घामाने. तक्रार करायला गेले नाही.

दुसऱ्या वेळी लॅपटॉपच बगलेत मारून दुकानात गेले, दुसऱ्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाणी भरून देऊ का? चारशे गाणी, दोनशे रुपये." म्हटलं, गाणी आहेत, तुम्ही फक्त डबे उघडा. त्याने नाइलाजाने तीन उघडले. एकात बटणंच नव्हती, सगळं टच. तो मी हातातही घेतला नाही. दुसरा लॅपटॉपला जोडल्यावर एमटीपी म्हणून आला. मोबाईल जोडतो तसं. म्हणजे डिस्क आपल्या ताब्यात येत नाही, प्लेअरला एकेक फाइल "हे घे, ते घे" असं सांगावं लागतं. लिनक्सवर हे चालतं, नाही असं नाही, पण मधेच रुसतं. आणि फॅटसॉर्टसारखं काही तिथे चालवता येत नाही, कारण हातात डिस्क नसतेच. मला हवं होतं ते यूएसबी मास स्टोरेज, मराठीत सांगायचं तर: जोडला की पेनड्राइव्ह. तिसरा तसा होता, पण त्याची क्लिप अशी लेचीपेची की चिमट्याने वाळत घातलेला रुमालसुद्धा अधिक घट्ट बसतो. काहीच न घेता बाहेर पडले. दुकानदाराने लॅपटॉपची पिशवी धरायला मदत केली, एवढं मात्र खरं.

पेनड्राइव्हसारखं दिसणंही पुरेसं नसतं हे मला भावाने सांगितलं. आयपॉड शफल डिस्क म्हणून दिसायचा, पण नुसती फाइल टाकली की वाजायची नाही. गाण्यांची यादी त्याच्या स्वतःच्या डेटाबेस फाइलमध्ये लिहावी लागे. ते काम आयट्यून्स करायचं, आणि आयट्यून्स लिनक्सवर नाही. लिनक्सवाल्यांनी त्यावरही स्वतःचे प्रोग्रॅम लिहिले होते. शफल २०१७ मध्ये बंदच झाला, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. बोलता बोलता भाऊ म्हणाला, "थांब, माझ्याकडे एक पडलाय."

ड्रॉवरमधून निघाला सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस. २००९ सालचं मॉडेल. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वजन २५ ग्रॅमच्या आतबाहेर, पाठीला खरीखुरी घट्ट क्लिप, समोर चौकोनी बटण, आणि कडेला मायक्रोएसडी कार्डाची फट. सेटिंगमध्ये यूएसबी मोड आहे: एमटीपी नको, एमएससी म्हणजे मास स्टोरेज निवडायचा. झाला पेनड्राइव्ह.

भाच्याने त्यावर रॉकबॉक्स चढवलं. प्लेअरच्या आत कंपनीचं जे सॉफ्टवेअर असतं त्याच्या जोडीला बसणारं हे मुक्त सॉफ्टवेअर, जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेलं. चढवायचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो. फक्त कंपनीची मूळ फाइल आपण आधी उतरवून त्याला द्यावी लागते. पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा मी "बिघडणार नाही ना रे?" विचारण्यात घालवली.

रॉकबॉक्स फाइली नावाप्रमाणे लावतं, म्हणजे फॅटसॉर्टची गरज संपली. फोनवरची हलगी एम४ए प्रकारच्या फाइलमध्ये होती, आधीच्या प्लेअरसाठी एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमने एमपी३ करून घ्यावी लागली होती. हा ती तशीच वाजवतो. पण माझा जीव जडला तो एका वेगळ्याच सोयीवर. घाटात मी एकाच कानात बोळा घालते, दुसरा कान मागून येणाऱ्या गाड्यांसाठी मोकळा. स्टीरिओ गाण्यात मग निम्मा वाद्यवृंद गायब होतो. तबला उजव्या कानात आणि मी ऐकते डावा. रॉकबॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'मोनो' आहे. निवडलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन एका कानात येतात. इतकी साधी गोष्ट, आणि दुकानातल्या तिन्ही डब्यांत नव्हती. मी शोधली होती.

कार्ड ६४ जीबीचं घेतलं, ते एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने मांडलेलं आलं. प्लेअरसाठी एफएटी३२ करून घेतलं. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर एफएटी३२ करू देत नव्हते, लिनक्सला असला काही विधिनिषेध नाही. जोडल्यावर लॅपटॉपवर आता दोन डिस्क दिसतात, एक आतली, एक कार्डाची. फाइलींची नावं मी रोमन लिपीत ठेवते. बोटभर पडद्यावर मराठी वाचायचं वय राहिलेलं नाही.

बॅटरी कागदावर १५ तासांची, आता पाच-सहा तास चालते. मला पुरे. घाम लागू नये म्हणून प्लेअर दूधपिशवीच्या तुकड्यात गुंडाळून टोपीला मागे लावते. बटणं पिशवीवरूनही दाबता येतात, हेच तर टचला जमत नव्हतं. वायर जुन्या मिनी यूएसबीची आहे, घरात एकच, तिला मी लाल दोरा बांधून देवघराच्या खणात ठेवलंय.

गेल्या रविवारी भाऊ आला होता. डॉक्टरांनी त्याला रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. चहा पिता पिता म्हणाला, "तो माझा क्लिप प्लस कुठाय गं?" मी पोह्यांचं विचारलं.