एकसष्टचा तास

क्वांटम कॉम्प्युटरवर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या जगाचे नियम वापरून गणित करणाऱ्या यंत्रावर, तास घ्यायचा म्हणून दोन रात्री जागून पीपीटी केली, आणि पहिली स्लाइड लागायच्या आत लाइट गेली. चाळीसगाव तालुक्यात शिकवणाऱ्याला याचं नवल नाही. खडू उचलला. नॅनोच्या स्लाइडही गेल्याच. कपाशी वेचून आलेल्या एकाच्या बाहीला कापूस चिकटला होता, त्यातला तंतू धरून म्हटलं, "मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. याची जाडी पंधराएक हजार नॅनोमीटर." झालं नॅनो.

मग फळ्यावर लिहिलं: कोणत्या वर्गसंख्येला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच येते? पोरं मोबाइलवर १, २, ३ करत सुटली. विसापर्यंत पोचल्यावर मागून आवाज आला, "सर, हाई करामा बठ्ठा दिन जाई!"

दिवस कसला! वर्ग करायची सर्वांत लहान संख्याच २२,६१,५३,९८०. सेकंदाला एक तपासली तरी सात वर्षं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७मध्ये हे कोडं युरोपातल्या गणित्यांना घातलं. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षं आधीच चक्रवाळ पद्धतीने, म्हणजे एका जोडीवरून पुढची जोडी काढत फेऱ्याफेऱ्यांनी, सोडवलं होतं. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो इथेच, पाटण्याला. ८चा वर्ग ६१पेक्षा ३ने जास्त. त्यावरून पुढची फेरी ३९ आणि ५ची: ३९चा वर्ग १५२१, आणि ५चा वर्ग घेऊन ६१ × २५ = १५२५. फरक फक्त ४! इथून उत्तर दोन-चार ओळींत येतं.

६१च्या जागी अगडबंब संख्या आली की मात्र चक्रवाळही दमतं. तिथे क्वांटम कॉम्प्युटर झपाट्याने काम करील, हे संगणकशास्त्रज्ञ शॉन हॉलग्रेन यांनी २००२मध्ये दाखवलं. "कारण तो सगळी उत्तरं एकदम तपासतो," मी दरवर्षीचं वाक्य टाकलं.

पहिल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, पण त्यातून उत्तर वाचताना एकच दिसणार ना? ते बरोबरच कशावरून?"

मी खडू ठेवला. वाक्य चुकीचंच होतं, आणि मी ते किती बॅचेसना ऐकवलं होतं कोण जाणे.

"अगं, हौदात दोन खडे टाकले की लाटा कुठे एकमेकींना चढवतात, कुठे मोडतात," मी सांगू लागलो. क्वांटम कॉम्प्युटरमध्येही चुकीची उत्तरं अशीच एकमेकांना मोडतील, अशी मांडणी करावी लागते. ती प्रत्येक गणिताला साधत नाही. इथे साधते, कारण या समीकरणात ठरावीक अंतराने तीच रचना परत येते. फेऱ्या मारायच्या नाहीत, चक्राचा घेरच मोजायचा.

ती वहीत लाटा काढत होती, तोच लाइट आली. पडद्यावर ठळक अक्षरांत पहिली स्लाइड: 'सगळी उत्तरं एकदम!' तिने मोठ्याने वाचली. वर्ग हसला, मीही.