बोलिव्हियात जाताना आधी उंची बघा, मग माती: सांता क्रूझ ते युंगास

बोलिव्हियाला जायचं ठरलं की बहुतेक जण थेट ला पाझचं तिकीट काढतात. पहिली चूक तिथेच होते. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, 4,061 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर. मुंबईत एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साठ टक्केच तिथे मिळतो. पहिले दोन-तीन दिवस डोकेदुखी आणि मळमळीत जातात. तिथले लोक या त्रासाला 'सोरोचे' म्हणतात.

म्हणून हा 16 दिवसांचा मार्ग उलटा आखला: सांता क्रूझ (सुमारे 415 मीटर), सामायपाता (1,650), सूक्रे (2,800), उयुनी (3,670), लिपेझची सरोवरं (4,300), ला पाझ आणि शेवटी उतरून युंगास, म्हणजे दमट जंगलाचे डोंगरउतार. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. आपली नाताळची सुट्टी म्हणजे तिथला पावसाळा, हे तिकीट काढायच्या आधी लक्षात घ्या.

सांता क्रूझच्या भोवतालची जमीन पिराई आणि रिओ ग्रांदे या नद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि वाळू आहे. सोयाबीनसाठी जंगल तोडलेल्या या भागात वारा माती उडवून नेतो. म्हणून शेतांच्या कडेने झाडांच्या लांबच लांब रांगा राखलेल्या दिसतात. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून 'सुरासो' हा थंड वारा येतो आणि काही तासांत तापमान धाडकन खाली येतं, तेव्हा इथेही स्वेटर हाताशी हवा. उत्तरेचा मोखोसचा सपाट प्रदेश कोरड्या काळातच करावा. तिथल्या घट्ट चिकणमातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्महिने मैदानं पाण्याखाली असतात आणि कच्चे रस्ते बंद पडतात.

सामायपातापर्यंत सुमारे 120 किलोमीटर. शेअर टॅक्सीला तिथे 'त्रुफी' म्हणतात. ती भरली की सुटते. तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांखालून जाणाऱ्या या रस्त्यावर पावसात दरडी येतात, तेव्हा निघण्याआधी त्रुफीच्या अड्ड्यावरच रस्त्याची चौकशी करा. तिथे दोन रात्री राहिलं की एल फुएर्तेचा कोरीव खडकही नीट बघून होतो.

सूक्रेत तीन रात्री राहा, कमी नको. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. सूक्रे ते उयुनी ही 870 मीटरची उडी त्यात बसत नाही, म्हणून शरीराला आधी वेळ द्यायचा. पोतोसी (4,090 मीटर) वाटेतच लागतं. शहर दिवसा बघा, पण पहिल्याच फेरीत तिथे मुक्काम करू नका. असेटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी ती आवर्जून सांगावी.

जेवणाबद्दल एक गोष्ट. 3,600 मीटरवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं. तूरडाळ आणि राजमा उघड्या भांड्यात तासन् तास ठेवले तरी शिजत नाहीत. खोलीच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर आहे का, ते आधी विचारा, नाहीतर मूग आणि मसूर डाळीवर भागवा. चिवड्याची पाकिटं फुगून टम्म होतात आणि लोणच्याच्या बरणीतलं तेल झाकणातून बाहेर येतं. चढ सुरू झाल्यावर बरणीचं झाकण एकदा सैल करून पुन्हा घट्ट करावं, आणि तरीही बरणी दुहेरी पिशवीतच ठेवावी.

उयुनीचं मिठागर, म्हणजे सालार, सुमारे 10,500 चौरस किलोमीटर पसरलेलं आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उंचीत मीटरभराचाही फरक नाही. जुनं सरोवर आटून हा थर राहिला. मध्यावर तो कित्येक मीटर जाड आहे, तिथे गाडी डांबरी रस्त्यासारखी पळते. धोका असतो तो काठाला. तिथे मिठाचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली खारट, करडा चिखल. पांढरा रंग मळकट तपकिरी होऊ लागला की पापुद्रा कमकुवत आहे असं समजा. एकदा चाक आत गेलं की दुसरी गाडी आणि लांब दोर असल्याशिवाय निघत नाही, आणि ओढायला आलेली गाडी जवळ आणली तर तीही रुतते. म्हणून चालक बांधावरूनच आत शिरतात. जवळचा रस्ता काढायला त्यांना भाग पाडू नका. आत काही ठिकाणी 'ओखोस', म्हणजे डोळे, आहेत. तिथे पापुद्र्याला भोक पडून खालचं पाणी बुडबुडत वर येतं. त्यांच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नये. संध्याकाळी बूट गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ सुकून शिवण कडक होते आणि चामडं तडकतं. गॉगलशिवाय तासभरही थांबू नका. खालून परतणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही भाजतं, तिथेही सनस्क्रीन लावा.

सालारनंतर उयुनीतच आणखी एक रात्र काढा आणि मगच दक्षिणेला लिपेझकडे निघा. तिथली जमीन ज्वालामुखीची राख, प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड) आणि खडीची आहे. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात, त्यामुळे पाठीला पट्टा आणि सामानाला दोरी हवी. ओल्या खोलगट जागी दिसणारं हिरवंगार गवत म्हणजे 'बोफेदाल'. वरून टणक वाटतं, पण खाली पाणथळ कुजट थर असतो. पाय आणि चाक दोन्ही त्यापासून दूर ठेवा. यारेताचे हिरवे उंचवटे खडकासारखे दिसले तरी ते अत्यंत हळू वाढणारं झाड आहे, त्यांवर बसू नका. लागुना कोलोरादा या सरोवराजवळचा मुक्काम 4,278 मीटरवर. जून-जुलैत रात्रीचं तापमान शून्याखाली 15 अंशांच्याही खाली उतरतं, तेव्हा जाड स्लीपिंग बॅग भाड्याने घ्या आणि मोबाइल व बॅटऱ्या आत घेऊन झोपा. सोल दे मान्याना (सुमारे 4,850 मीटर) इथे उकळत्या चिखलाची कुंडं आहेत. भोवतीच्या फिकट, ओलसर कवचावर पाय ठेवू नका, आधीच्या पावलांच्या वाटेनेच चाला.

चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली न्या. उयुनी कित्येक तास दूर आहे. लागुना वेर्दे या सरोवराच्या टोकावरून सर्वांत जवळची खालची जागा चिलीतलं सान पेद्रो दे आताकामा, सुमारे 2,400 मीटर. त्यासाठी चिलीचा व्हिसा आधीच काढलेला बरा. निघताना जीपमध्ये प्राणवायूचा सिलिंडर आहे ना, आणि तो भरलेला आहे ना, हे स्वतः बघा.

ला पाझला येईपर्यंत शरीर सरावलेलं असतं, तरी खोली दक्षिण भागात, 3,300 मीटरच्या आसपास घ्या. एल आल्तोच्या कडेपेक्षा झोप खूप बरी लागते. शहराची वाटी सरोवराने आणि हिमनद्यांनी टाकलेल्या माती-गोट्यांत कोरली गेली आहे. ही माती भिजली की घसरते. फेब्रुवारी 2011 मध्ये इथले डोंगरउतारावरचे मोहल्लेच्या मोहल्ले घसरून गेले. वाये दे ला लुनाचे मातीचे सुळके याच मातीचे. पाऊस पडून गेल्यावर तिथली पायवाट साबणासारखी होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी जा.

शेवटी युंगास. ला कुंब्रेच्या सुमारे 4,650 मीटरवरून योलोसाच्या 1,200 मीटरवर सायकलने उतरता येतं. वर बर्फाळ वारा, खाली दमट जंगल, तेव्हा कपडे थराथरांचे घाला. निघण्याआधी ब्रेकचे पॅड पुरेसे जाड आहेत का ते बघा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरा. एकच धरून ठेवला तर तो तापतो आणि पंजाही आखडतो. या उताराच्या जुन्या रस्त्यावर डावीकडून जायचं असतं, आणि उतरणाऱ्याने दरीच्या बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते.

युंगास आणि सांता क्रूझ दोन्हीकडे पीतज्वराचा धोका आहे. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवा. बोलिव्हियाहून परतताना भारतात ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.