फोनने चोरलेले सेकंद

"दादा, तुझा फोन खोटं बोलतोय." हेल्मेट काढायच्या आधीच धाकट्या बहिणीने सुनावलं. रेस ट्रॅकच्या कडेला, पिटच्या (बाइक थांबवायच्या जागेच्या) भिंतीशी उभी राहून ती स्टॉपवॉचवर माझ्या बाइकच्या लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीची, वेळ घेत होती. तिच्या वहीत तीन आकडे होते: १:५९.५, १:५९.३, १:५९.४. माझ्या लेदर सूटच्या छातीच्या खिशातून निघालेल्या फोनवर, जीपीएसवरून लॅप मोजणाऱ्या ॲपमध्ये, होते १:५८.३, २:०१.० आणि १:५८.८. मी १:५८.३ वर खूश होतो आणि २:०१ चं खापर पुढे आडव्या आलेल्या एका बाइकवर फोडून मोकळा झालो होतो.

बेरीज तिनेच केली. तिचे तीन लॅप मिळून ५:५८.२, फोनचे ५:५८.१. म्हणजे एकूण वेळ दोघांचाही जुळत होता. चुकत होतं ते एवढंच, की एक लॅप कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला. फोन पहिल्या लॅपमधला सव्वा सेकंद उचलून दुसऱ्याच्या माथी मारत होता आणि मी त्याचा हिशेब माझ्या शौर्यात धरत होतो.

रात्री ॲपमधल्या नकाशावर माझी रेघ पाहिली. एका वळणावर मी सरळ गवतातून गेलो होतो. एका लॅपला तर पिटच्या इमारतीतून. कारण उघड वाटलं: फोनचा जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, म्हणजे १ हर्ट्झ. ताशी १८० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ५० मीटर. दोन ठिपक्यांमध्ये ५० मीटर अंतर पडलं तर वळणाच्या वाट्याला दोन-तीनच ठिपके येतात, आणि ॲप बिचारं ते सरळ रेषांनी जोडतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा जीपीएसचा बाहेरचा रिसीव्हर घ्यायचा ठरवलं. हे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे डबे असतात. जागा टिपतात आणि ब्लूटूथने फोनला कळवतात. गार्मिन ग्लो सेकंदाला १० वेळा नोंद देतो, रेसबॉक्स मिनी २५ वेळा. रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमरसारखी ॲप्स असे रिसीव्हर वापरू शकतात. मी यातलं काहीच घेतलं नाही. ओळखीतल्या एकाकडे पडून असलेला भलताच जुना डबा उचलला, वर "१० हर्ट्झ" लिहिलं होतं म्हणून. फुकटचं ते पौष्टिक.

पहिली अडचण घरीच. माझ्या आयफोनला तो दिसेचना. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ वापरणाऱ्या अशा उपकरणांना आयफोनशी बोलायला ॲपलच्या परवाना योजनेत असावं लागतं. नव्या, कमी ऊर्जेच्या ब्लूटूथला ही आडकाठी नाही. माझा डबा जुन्यातला जुना. शेवटी ड्रॉवरमधून काच तडकलेला अँड्रॉइड फोन काढला, त्यात ॲप टाकलं, आणि जोडणी एका मिनिटात झाली. खरं तर हे बरंच झालं. ट्रॅकवर महागडा फोन न्यायचा नसतो हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ॲपलनेच २०२१ मध्ये बजावलंय की मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं आतलं यंत्र बिघडू शकतं.

जोडणी झाली, पण ॲप दाखवत होतं ४.६ हर्ट्झ. तेही स्थिर नाही, मध्येच ३, मध्येच ६. डब्यावर १० लिहिलेलं आणि पोटात अर्धंच. इथे मात्र मजा आली, कारण हा निव्वळ हिशेबाचा घोळ निघाला. रिसीव्हर प्रत्येक नोंद अक्षरांच्या ओळींमध्ये पाठवतो. जागेची एक ओळ आणि वेग-वेळेची एक ओळ मिळून साधारण दीडशे अक्षरं. सेकंदाला १० वेळा म्हणजे दीड हजार. शिवाय आकाशात कोणकोणते उपग्रह दिसतात याच्याही लांबलचक ओळी तो हौसेने पाठवत होता, ज्या मला नकोच होत्या. आणि त्याची आतली वाहिनी होती ९६०० बॉडची, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. पाइप अरुंद आणि पाणी जास्त. जास्तीच्या ओळी बंद केल्या, वेग ११५२०० वर नेला, आणि आकडा १०.० वर जाऊन बसला तो हललाच नाही. त्या रात्री बाइक न चालवताही ट्रॅकवर जाऊन आल्यासारखं वाटलं.

पुढच्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत न लावता आपली बाइक ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, आयोजकांना आधी विचारून घेतलं. हे जरूर करा. बऱ्याच ठिकाणी ट्रॅक डेला वेळ मोजायलाच मनाई असते, कारण वेळ लावली की ती शर्यत ठरते आणि विम्याचं गणित बदलतं. आम्हाला परवानगी मिळाली, पण बाइकच्या तपासणीत अडलो. रिसीव्हर मी शेपटावर दुहेरी चिकटपट्टीने लावला होता. तपासनीस शांतपणे आले, दोन बोटांनी डबा धरला आणि नुसता वर उचलला. तो पट्टीसकट त्यांच्या हातात. पट्टीच्या खालच्या बाजूला साखळीच्या तेलाचा आणि धुळीचा राखाडी थर.

"हे मागच्याच्या व्हायझरवर बसलं तर?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाइककडे गेले.

मग स्पिरिटने प्लास्टिक पुसलं, कोरडं होऊ दिलं, नवी पट्टी दाबून धरली आणि वरून डब्याच्या कडीतून दोरी ओवून ती सीटखालच्या फ्रेमला बांधली. चिकटपट्टी सुटलीच तरी डबा लोंबकळेल, उडणार नाही. आता मी हे दोन्ही करतो, कुणी तपासो वा न तपासो.

तरी लॅपचे आकडे अजून नाचतच होते. सव्वा सेकंदाऐवजी आता अर्धा सेकंद. बहीण वही घेऊन हजर होतीच, आणि तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मला सहन होत नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे मी घाई करत होतो. रिसीव्हर चालू करायचा आणि लगेच रांगेत लागायचं. फोनला उपग्रहांच्या कक्षांची माहिती इंटरनेटवरून आयती मिळते. या डब्याला ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण मध्येच डोकं, खांदा किंवा पॅडॉकचं (बाइक उभ्या करून तयारी करायच्या जागेचं) छत आडवं आलं की पहिल्यापासून सुरुवात. आता मी सेशनच्या, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या पाळीच्या, १५ मिनिटं आधी बाइक उघड्यावर उभी करून डबा चालू करतो. एकदा तो कार्बन फायबरच्या झाकणाखाली बसवून पाहिला, दिसायला छान म्हणून, तर उपग्रहांची संख्या धाडकन घसरली. कार्बन फायबर वीजवाहक आहे, रेडिओ लहरी अडवतं. खिशातल्या फोनचंही तेच: पाण्याने भरलेलं माझं शरीर अर्ध्या आकाशावर आडवं. पहिल्या दिवशीच्या गोंधळात १ हर्ट्झचा वाटा मी समजत होतो तेवढा नव्हता, खिशाचा जास्त होता.

दुसरं ठिकाण माझंच कर्तृत्व. ॲपमधली फिनिश लाइन, म्हणजे जी ओलांडली की लॅप संपतो ती रेषा, मी शेवटच्या वळणाच्या तोंडाशी आखली होती. का, तर पॅडॉकमधून तेवढीच जागा नीट दिसत होती. तिथे वेग जेमतेम सेकंदाला १५ मीटर. जीपीएसची जागा एक मीटर चुकली तर सेकंदाचे सात शतांश गेले, आणि चूक पाच-सहा मीटरची झाली की अर्ध्या सेकंदाच्या जवळ. तीच रेषा सरळ पट्ट्यावर, ५० मीटरच्या वेगात टाकली की एका मीटरची चूक दोन शतांशांत आटोपते. रेषा पुढे सरकवून जुन्याच नोंदींवरून ॲपला लॅप पुन्हा मोजायला लावले. बहिणीच्या वहीशी फरक आला एक-दोन दशांशांचा, आणि तेवढा तर तिच्या अंगठ्याचाही असेल. ती हे मान्य करत नाही.

चालवताना मी आकडा बघत नाही. फोन सीटखाली, स्पंजमध्ये गुंडाळून, पडदा बंद. अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला झोपवतं म्हणून ती बचत त्या ॲपपुरती बंद करून टाकली. पहिल्यांदा विसरलो होतो तेव्हा एका अख्ख्या सेशनचे फक्त चार मिनिटांचे ठिपके हाती लागले.

आणि मग, आकड्यांवर विश्वास बसल्यावर, लॅपटाइममधला माझा रस निम्मा झाला. वेगाचा आलेख जास्त बोलका निघाला. जीपीएस वेग काढतो लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून, त्यामुळे तो जागेपेक्षा जास्त भरवशाचा असतो. सरळ पट्ट्याच्या शेवटी आलेखाला टोक हवं: वेग चढत चढत जातो आणि ब्रेक लागला की कोसळतो. माझ्याकडे टोक नव्हतंच, सपाट झाकण होतं. झूम करून ठिपके मोजले. सात. म्हणजे ०.७ सेकंद मी ना थ्रॉटल देत होतो ना ब्रेक, नुसता घरंगळत होतो, जवळजवळ ३५ मीटर. मी शपथेवर सांगितलं असतं की मी तिथे शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो.

त्याच दुपारी फक्त त्या जागेवर लक्ष दिलं. सात ठिपक्यांचे चार झाले. पाचव्या वळणात मात्र सगळ्यात कमी वेग ताशी ६२ किलोमीटरचा ६२ च राहिला, तिथे बहुधा मी एक गिअर वर असतो. पुढच्या खेपेला दुसऱ्यात टाकून बघणार आहे. बहिणीने स्टॉपवॉचमध्ये नवा सेल घालून ठेवलाय.