आमची वाटचाल: डास पळवायच्या झाडांची नर्सरी

सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची नुसती रांग आहे, त्यातली सगळ्यात बारकी आमची, मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून चालवतो. आधी गुलाब, जास्वंद, शोची झाडं सगळंच ठेवायचो पण मोठ्या नर्सरीवाल्यांच्या रेटपुढे आपण काय टिकणार. पाऊस लागला की मात्र गिऱ्हाईक एकच विचारायचं, "ताई, डास पळवायचं झाड आहे का?" मग तेच धरलं. गवती चहा, सिट्रोनेला, तुळस, पुदिना, निर्गुडी असा सेट करून विकायला लागलो. पहिल्या दोघांचे ठोंब फोडले की रोपं तयार, निर्गुडी फांदीवरून येते, त्यामुळे भांडवल फार लागलं नाही.

जाऊबाई म्हणतात तू आपल्याच धंद्याच्या मुळावर उठलीस, पण मी येईल त्याला सांगतेच की नुसती कुंडी खिडकीत ठेवून डास जात नाहीत. सगळी करामत पानातल्या तेलाची, पान चुरगाळलं की वास सुटतो, तेल उडून गेलं की डास परत हजर. "मॉस्किटो प्लांट" म्हणून एक जिरॅनियम मिळतं, कॅनडात त्याची चाचणी झाली १९९६ साली, डासांना ढिम्म फरक पडला नाही, म्हणून ते आम्ही कितीही मागणी असली तरी ठेवत नाही. निर्गुडीच्या वाळल्या पाल्याची धुरी गावाकडे अजून करतात, फक्त घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर धूर नकोच.

आणि ती कुंडीखालची ताटली! डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठवडा-दहा दिवसात नवीन डास उडायला तयार, म्हणजे डास घालवायला झाड न्यायचं आणि खाली त्यांचाच पाळणा बांधायचा. ताटली फुकट द्या म्हणून लोक हुज्जत घालतात, आम्ही देतो पण वाळू भरूनच, पाणी वाळूत मुरतं, वर साचत नाही. यातूनच सोसायट्यांची कामं यायला लागली, बाल्कनीत जाऊन मनी प्लांटच्या बाटल्या, फ्रीजमागचा ट्रे, कूलर सगळं बघून देतो, आता रोपांपेक्षा त्याचेच पैसे जास्त सुटतात.

यंदाची रोपं तयार आहेत, निर्गुडी मोजकीच आहे, हवी असेल तर आधी फोन करून या.