कोपरावरची खाज आणि तव्यावरचा रवा

गणपतीच्या चवथीनंतरच्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या कातडीच्या ओपीडीत गजकर्णवाल्यांची रांग असते. ओले कपडे, दमट हवा आणि दुकानातून नुसतं विचारून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम, या तिघांनी मांड्या-कंबरेची पार वाट लावलेली असते. त्याच रांगेत छत्तिशीची ही बाई बसली होती. नंबर आल्यावर बोलायला लागली, आणि बोलताना दोन्ही कोपरं टेबलाच्या कडेवर घासत होती. आपण घासतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

तीन वर्षांची खाज. फायलीत खरजेचं पर्मेथ्रिन तीन वेळा, घरातल्या सगळ्यांना मानेपासून पायापर्यंत. चादरी उकळून झाल्या होत्या, गादी उन्हात टाकून झाली होती. गजकर्णाच्या गोळ्या दोनदा. मग 'अ‍ॅलर्जी' म्हणून मासे बंद. मासे सोडले तरी खाज तशीच, आणि चवथीला दरवर्षी जास्त.

खरूज नव्हती हे पाहताक्षणी कळत होतं. बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवतीची जागा स्वच्छ, आणि तीन वर्षं एकाच पलंगावर झोपणाऱ्या नवऱ्याला एक पुटकुळी नाही. तिचा त्रास कोपरांची मागची बाजू, गुडघे, ढुंगण आणि मानेवर केसांच्या कडेला, दोन्ही अंगांना सारखा. फोड म्हणावेत असे दिसतच नव्हते, सगळे नखांनी फुटून खपल्या झालेल्या. भिंगातून डाव्या कोपराखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या पाण्याच्या तीन पुटकुळ्या एकमेकींना चिकटून दिसल्या, तेवढ्याच शाबूत. "खाजतं की जळतं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "आधी जळतं, मग खाजतं. फोड मागाहून येतो."

तरीही खरी खूण कातडीवर नव्हती. फायलीच्या मागच्या बाजूला रक्ताचे जुने रिपोर्ट होते: हिमोग्लोबिन ९.१, मग ८.८, आता ८.६. लोहाच्या गोळ्या तीन वर्षं चालू, पाळी बेताची, मूळव्याध नाही. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात. गोळ्या नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल तर त्या भागाकडे बघावं लागतं. पोटाची तक्रार मात्र काहीच नव्हती. थोडा गॅस, तो कोणाला नसतो?

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. लुई डूरिंग यांनी १८८४ साली वर्णन केलेला हा आजार म्हणजे सीलिअ‍ॅकचं, गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणाऱ्या इजेचं, कातडीवर उमटलेलं रूप. ग्लूटेनचे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम त्यांच्यात असा बदल करतं की, ज्यांच्यात डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं आहेत त्यांच्यापैकी काहींचं शरीर त्या तुकड्यांना शत्रू समजतं आणि एन्झाइमविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. त्याच एन्झाइमचा एक भाऊबंद कातडीत असतो. त्याला चिकटणारी आयजीए प्रतिपिंडं कातडीच्या वरच्या थराखाली साचतात, पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि फोड येतो. आतड्याची खराबी जवळजवळ सगळ्यांत सापडते, पण पोट दुखेलच असं नाही. म्हणून हे रुग्ण पोटाच्या डॉक्टरकडे जात नाहीत, आमच्याकडे येतात. उत्तरेच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात सीलिअ‍ॅक जास्त सापडतो. शीत-कढी खाणाऱ्या आपल्याकडे तो चटकन डोक्यात येत नाही, आणि खरजेचं औषध तिसऱ्यांदा लिहिलं जातं.

आता घोळ असा, की कुणीतरी तिला दहा दिवसांपूर्वी गहू सोडायला सांगितलं होतं. सल्ला बरोबर, वेळ चूक. तपासणीआधी गहू सोडला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येतो. दहा दिवसांत प्रतिपिंडं उतरत नाहीत, तेव्हा रक्त त्याच दिवशी घेतलं. टीटीजी-आयजीए, म्हणजे त्याच एन्झाइमविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, आणि तिच्याबरोबर एकूण आयजीएसुद्धा, कारण ज्यांच्या अंगात आयजीए मुळातच कमी, त्यांची टीटीजी फसवी येते. एंडोस्कोपी होईपर्यंत मात्र रोज दोन पाव खायला सांगितले. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की हा डॉक्टर शुद्धीवर आहे ना!

बायॉप्सीत हमखास चूक होते ती बाटलीची. चार मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पात्याने, कातडीचे दोन तुकडे घ्यायचे. एक ताज्या पुटकुळीचा, तो फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडापासून सेंटिमीटरभराच्या आत, पण दिसायला चांगल्या कातडीचा, तो मिशेल्स मीडियम नावाच्या द्रावणात. हा दुसरा फॉर्मॅलिनमध्ये पडला तर इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने आयजीए दाखवणारी तपासणी, गेलं. फोडातूनच घेतला तरी गेलं, कारण तिथे जमलेल्या पेशी आयजीए खाऊन टाकतात. मीडियम हाताशी नसेल तर साध्या सलाइनमध्ये ठेवून चोवीस तासांत पोचवावा. मी दोन्ही बाटल्यांवर लेबलं लावून मगच भूल देतो. तुकडा हातात आल्यावर बाटली शोधायची नाही.

टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त. कातडीच्या पॅपिलांच्या, म्हणजे वरच्या थराखालच्या बारीक उंचवट्यांच्या, टोकांशी दाणेदार आयजीए. लहान आतड्यातून सहा तुकडे घेतले होते, त्यात विलाय, म्हणजे अन्न शोषणारे अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे, जवळपास सपाट. रिपोर्टातला 'हर्पेटिफॉर्मिस' शब्द वाचून सासू घाबरली, तिला वाटलं नागीण. नागिणीच्या विषाणूशी याचा काही संबंध नाही. पुटकुळ्या तशा झुपक्याने येतात, एवढंच ते नाव सांगतं.

औषध डॅप्सोन, कुष्ठरोगाचं जुनं औषध. देण्याआधी जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींतलं एन्झाइम तपासायचंच. ते कमी असेल तर लाल पेशी भराभर फुटतात. ते ठीक असलं तरी हिमोग्लोबिन थोडं उतरतं, आणि इथे मुळात ८.६. म्हणून सुरुवात २५ मिलिग्रॅमने, पहिला महिना दर आठवड्याला रक्ताची तपासणी, आणि लोह शिरेतून. ओठ निळसर दिसले किंवा दम लागला तर लगेच यायचं. पहिल्या दोन महिन्यांत ताप आणि अंगभर पुरळ आलं तर गोळी थांबवून यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "दोतोर, न्हीद पडली." डॅप्सोनने खाज दोन-तीन दिवसांत थांबते, पण आतड्याला त्याचा काही उपयोग नाही. तिथे फक्त ग्लूटेन बंद करणं हाच उपाय, आणि त्याचा परिणाम कातडीवर दिसायला महिने, कधी दोन वर्षं लागतात.

दोन महिन्यांनी गोळी जरा उतरवली तर कोपरं पुन्हा पेटली. गहू घरात येत नाही म्हणाली. अशा वेळी 'काय खाता' असं विचारून काही हाती लागत नाही, 'कसं करता' ते विचारावं लागतं. कालचं जेवण चुलीपासून सांगायला लावलं. तिचा बांगडा तांदळाच्या पिठात घोळवलेला, हे ठीक. पण त्याच तव्यावर, त्याच तेलात, आधी घरातल्यांचे बांगडे रव्यात भाजलेले. दुसरं, नाचणी दळायची ती गव्हामागून त्याच गिरणीत. तिसरं हिंग. पुढच्या खेपेला डबी घेऊन यायला सांगितली. बांधणीचा हिंग, घटकांत गव्हाचं पीठ लिहिलेलं.

यादी मग तिच्याच स्वयंपाकघरातून केली. पाव, पोळी, उंडो, कांकणं, नेवऱ्या, बेबिंका, बोलिन्या, शिरा बंद. बिअरही बंद, ती जवाची, आणि ग्लूटेन जवातही असतं. उकड्या तांदळाची पेज, हुमण, सोलकढी, सान्नां, पातोळ्या, दोदोल, मणगणें चालतं, हिंग न घालता. तिचा तवा, उलथणं आणि तेल वेगळं. नाचणी धुऊन वाळवून घरच्या मिक्सरला. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं असा आपल्याकडे नियम आहे. माशांचं म्हणाल तर घरच्यांचा संशय अगदीच वावगा नव्हता. आयोडीन जास्त झालं की हा आजार भडकतो, आणि समुद्रातल्या माशांत ते असतं. पण खरा गुन्हेगार माशावरचा रवा होता. मासे सोडलेल्या श्रावणात ती जास्त पोळ्या खायची, चवथीला नेवऱ्या. म्हणून खाज तेव्हाच वाढायची.

हे ऐकून आता सोरायसिसवाले गहू सोडून येतात, पोट साफ करायची पावडर घेऊन येतात. सोरायसिस आणि आतड्याचा संबंध आहे, पण तो वेगळा. क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजाराशी त्याचं नातं आहे, म्हणून सोरायसिससाठी आयएल-१७ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारं इंजेक्शन देण्याआधी रक्ताचे जुलाब होतात का हे मी विचारतोच. क्रोन्स असेल तर ते इंजेक्शन तो बिघडवू शकतं. त्या पावडरीने यातलं काही होत नाही, फक्त शौचाला होतं.

बाईचं हिमोग्लोबिन वर्षाने ११.९ झालं. डॅप्सोन आता एक दिवसाआड २५. आईवडील, भावंडं, मुलं यांची टीटीजी करून घ्यायला सांगितलं होतं. गेल्या चवथीला नेवऱ्या जावेच्या घरी झाल्या, आणि तिने हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या. चवथीनंतर धाकटीला घेऊन आली. मुलीच्या कातडीवर काही नव्हतं, पोटही दुखत नव्हतं. फक्त दोन वर्षांत उंची जेमतेम तीन सेंटिमीटर वाढली होती आणि टीटीजी आईसारखीच आली होती.